फुटक्यावर फुटकं

मला त्या आवाजाची किळस येते. आधी यायची, आजही येते, आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळं घडून गेल्यावरही ती तसूभर कमी झालेली नाही, हे आधीच सांगून टाकते. गोष्टीच्या शेवटी माणूस सुधारतो अशी लोकांची अपेक्षा असते. मी सुधारले नाही.

माझा दादा ड्रम वाजवतो. आमच्या नाट्यगृहात रंगमंचासमोर एक खड्डा आहे, त्यात पाच वादक बसतात. दादा त्यांतला सगळ्यांत मागचा, गेली बावीस वर्षं. मी त्याच नाट्यगृहात प्रेक्षकांच्या पाठीमागे, काचेच्या खोलीत बसून आवाज सांभाळते. कोणाचा माइक किती वर, कोणाचा किती खाली, हे माझं काम. म्हणजे आम्हा भावंडांचं पोट कानांवर चालतं. घरही एकच आहे, खाली दादा-वहिनी आणि वर मी. भांडायला फार लांब जावं लागत नाही.

तर या दादाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी भंगाराचा नाद लागला.

सिंबल म्हणजे ड्रमच्या आजूबाजूला उंच स्टँडवर लावलेल्या त्या काशाच्या चकत्या. चांगलं सिंबल वाजलं की आवाज उमलतो, पसरतो आणि सावकाश विरतो. दादाकडे अशी तीन होती, मऊ, स्वच्छ आवाजाची. ती त्याने पिशवीत भरून कपाटावर टाकली आणि ज्याच्या-त्याच्याकडून फुटकी सिंबल गोळा करायला लागला. कडेला तडा गेलेली, मधे भोकं पडलेली, एक तर कोणीतरी कात्रीने कापल्यासारखं अर्धवट. त्यातलं एक कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या माळ्यावरून आलं होतं. त्यावर कबुतरांनी आपापल्या सह्या केल्या होत्या आणि मधल्या भोकाभोवती हिरवा कळकट थर साचला होता. हात लावला तर बोटांना दिवसभर तांब्याचा आणि जुन्या घामाचा वास. मी म्हटलं, निदान धू तरी. तर म्हणाला, मळ गेला की आवाज जातो. कबुतराचं काय ते मात्र त्याने ओल्या फडक्याने पुसलं, आणि ते फडकं मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. वहिनी देवमाणूस म्हणून तिने ते फक्त उचलून बाहेर फेकलं. मी असते तर दादाला फेकलं असतं.

ही फुटकी सिंबल तो एकावर एक ठेवायचा. खाली एक पालथं, वर एक उलटं, मधे कधी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती, कधी काहीच नाही, आणि वरून दोन पंखांचा नट आवळायचा. याला ड्रमवाले स्टॅक म्हणतात. दोन सिंबल एकमेकांना चिकटून असली की आवाज उमलायला जागाच उरत नाही. काठी पडते, दोन्ही एकमेकांवर कचकन घासतात आणि आवाज जागच्या जागी मरतो. कोणी पत्र्याच्या बादलीत खोकून थुंकल्यासारखा तो आवाज. एकदा नव्हे, दिवसात दोनशे वेळा.

आणि त्यात त्याला मी लागायची.

सकाळी दहाच्या सुमारास खालून हाक यायची, "नकटे, खाली ये जरा." माझं नाक बसकं आहे, त्यामुळे लहानपणापासून हे नाव माझ्या नशिबी आहे. मी चहाचा कप घेऊन धुसफुसत जिना उतरायची. मागच्या खोलीत तो ड्रमच्या पसाऱ्यात बसलेला असायचा. मला समोरच्या स्टुलावर बसवायचा, काठी मारायचा आणि विचारायचा, कसा वाटला. मी म्हणायची, घाण. तो नट अर्धा फेरा सैल करायचा, पुन्हा मारायचा. मी म्हणायची, आणखी घाण. तो पुन्हा आवळायचा. आपण एका मोठ्या संशोधनाच्या कामात गुंतलोय असा त्याचा आव असायचा. मला वाटायचं, हा माणूस माझी मजा घेतोय. मी जितकं तोंड वाकडं करायची, तितका त्याला हुरूप यायचा. एकदा तर मला खरंच मळमळलं, मी कप खाली ठेवून तोंडावर हात धरला, तर गृहस्थ खूश. लगेच खिशातला खडू काढून त्याने नटावर रेघ मारली, आणि दोन्ही सिंबलच्या कडेलाही मारली, पुन्हा जोडताना ती तशीच बसावीत म्हणून.

मी वहिनीकडे तक्रार केली. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला म्हातारचळ लागलाय. एरवी दादाविरुद्ध बोलायला तिला कोणीतरी लागतंच, पण या बाबतीत तिने मला साथ दिली नाही. कपड्यांच्या घड्या घालत राहिली आणि म्हणाली, तो बोलावतो तेव्हा जात जा, एवढंच. तेव्हा मला तिचाही राग आला.

आता नाट्यगृहाचं सांगते. आमचे संगीत दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते खड्ड्यात सगळ्यांत पुढे पियानोशी बसतात आणि हाताने सगळ्यांना खुणा करतात. माणूस गुणी आहे, पण कोणाचा पाणउतारा करायचा झाला की त्याला भूक लागल्यासारखं होतं. गेल्या दोन नाटकांपासून ते दादावर खार खाऊन होते. त्यांचं म्हणणं, सिंबलचं शेपूट राहतं. म्हणजे असं, की काही ठिकाणी सिंबलवर एकच फटका मारून ते लगेच हाताने धरायचं असतं, म्हणजे आवाज कापल्यासारखा थांबतो. दादा धरायचा, पण सैल धरायचा किंवा लवकर सोडायचा, आणि मागे बारीकसा आवाज शिल्लक राहायचा. माझ्याही कानाला ते लागायचं. मला वाटायचं, आळस. बावीस वर्षं झाली की माणूस खुर्चीला गृहीत धरतो.

नवीन नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि मास्तरांनी एक दिवस मला जिन्यात गाठलं. म्हणाले, शनिवारी दुपारी पूर्ण नाटक सलग करून बघायचंय, निर्माते येणार आहेत. तुझ्या भावाचं शेपूट त्या दिवशी पुन्हा ऐकू आलं तर मी दुसरा ड्रमवाला घेणार, बोलणं करून ठेवलंय. मुद्दाम तुला सांगतोय, तू त्याला सांभाळ. हे सांगताना ते सफरचंद खात होते आणि त्यांच्या मिशीला त्याची साल चिकटली होती. त्या सालीकडे बघत मी हो म्हटलं.

मी घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, शनिवारची काळजी करू नकोस, तिसऱ्या अंकाची तयारी झालीय. मला हायसं वाटलं. मला वाटलं, कपाटावरची पिशवी खाली येणार.

तिसऱ्या अंकातच खरी मेख होती. बाप मुलीला घराबाहेर हो म्हणतो. मुलगी दाराशी जाते, कडी काढते. त्या क्षणी सिंबलवर एकच फटका, लगेच कापलेला. मग संपूर्ण शांतता, आणि त्या शांततेत मुलगी अगदी हळू एक वाक्य म्हणते. नाटक त्या वाक्यावर उभं होतं.

शनिवारी मी तास-दीड तास आधीच पोहोचले. माइक तपासायला खड्ड्यात उतरले आणि बघते तर काय, दादाच्या उजव्या हाताच्या स्टँडवर, जिथे एरवी स्वच्छ सिंबल असायचं, तिथे ते कबुतरांचं ताट आणि त्यावर अर्धवट कापलेलं दुसरं. खडूच्या रेघांसकट. सकाळी येऊन मांडून तो जेवायला घरी गेला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निर्माते समोर बसणार, मास्तर टपून बसलेले, आणि हा त्या मुलीच्या तोंडावर बादलीत थुंकणार होता. बावीस वर्षांची खुर्ची एका घाणेरड्या खेळापायी जाणार होती. मी मागचापुढचा विचार केला नाही. नट फिरवला, ते भंगार उतरवलं, वर नेऊन माझ्या टेबलाखाली पायाशी ठेवलं. मग सामानाच्या खोलीत गेले. तिथे नाट्यगृहाचं स्वतःचं एक सिंबल आहे, मोठं आणि छान आवाजाचं. ते आणून मी त्या स्टँडवर चढवलं. बोटाने हलकेच टिचकी मारून बघितली. आवाज असा सुरेख उमलला की महिनाभराची शिसारी धुऊन गेल्यासारखं वाटलं. हात धुताना मी गुणगुणतसुद्धा होते.

दादा आला तेव्हा प्रेक्षागृहातले दिवे मंद झाले होते. तो बसला, उजवीकडे बघितलं आणि तसाच थांबला. मग मान वळवून खड्ड्यातून वर माझ्या काचेकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, हेच चांगलं आहे. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या, उघड्या तळहाताने खूण केली, कुठे आहे ते? मी नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी हात वर केला आणि नाटक सुरू झालं.

पहिले दोन अंक बिनबोभाट गेले. तिसऱ्यात बाप ओरडला, मुलगी दाराशी गेली, कडी काढली. मास्तरांचा हात खाली आला. दादाने फटका मारला आणि त्याच क्षणी सिंबल धरलं, दोन्ही हातांनी, काठ्यांसकट, घट्ट. इतकं चोख त्याने कधीच धरलं नव्हतं.

आणि आवाज चालूच राहिला.

मला क्षणभर कळेचना. मग दिसलं. मी आणलेलं सिंबल मोठं होतं आणि स्टँड मात्र छोट्या स्टॅकसाठी लावलेला होता. मी तो ना उंच केला होता, ना बाजूला सरकवला होता. फटक्यासरशी माझं सिंबल झुललं आणि त्याची कड शेजारच्या सिंबलला लागली. दादा एक धरून बसला होता, आणि शेजारचं गात होतं, बारीक, लांब, थांबायचं नाव न घेता. असं कधी कोणाचंही होतं. पण कान असलेला माणूस अर्ध्या सेकंदात दुसरा हात तिकडे टाकतो. त्यासाठी विचारसुद्धा करावा लागत नाही.

दादाने हात टाकला नाही. तो ते मुकं सिंबल छातीशी धरल्यासारखं धरून बसला होता आणि मास्तरांकडे बघत होता. चेहऱ्यावर समाधान होतं, काम नीट झाल्याचं. वर मुलगी तोंड उघडून थांबली होती. मी दादाच्या माइकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढली, त्याने काय होणार, आवाज खड्ड्यातूनच येत होता. व्हायोलिनवाली मान वळवून दादाकडे बघू लागली, मग बाकीचे दोघेही. दादाला वाटलं, ते शाबासकी द्यायला बघतायत. तो हसला.

शेवटी मास्तर पियानोवरून उठले, तिघांना ओलांडून मागे आले आणि त्यांनी आपला तळहात त्या शेजारच्या सिंबलवर ठेवला. आवाज थांबला. दादाने त्यांच्या हाताकडे बघितलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि तेवढा वेळ सगळे बघत होते. मला स्वतःची अशी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

आम्ही घरी एकत्रच आलो. मागच्या खोलीत तो आपल्या जागी बसला, मी समोरच्या स्टुलावर. वहिनी दारात उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिला सगळं आधीपासून माहीत होतं.

दादाने थोडक्यात सांगितलं. दोन वर्षांपासून कानांतून वरच्या पट्टीतले आवाज जात चालले होते. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा, मग सिंबलचं शेपूट. फटका ऐकू यायचा, मागचं काही नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. कानाला मशीन लावून घेतलं, तर ड्रमजवळ ते नुसतं किंचाळायचं. मग त्याने विचार केला, आवाज थांबला की नाही हे आपल्याला कळत नाही, तर आपोआप थांबणारा आवाजच बनवावा. धरायला नको, सोडायला नको. फटका मारला की विषय संपला.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे?"

"तुला सांगून कसं चाललं असतं?" तो म्हणाला. "मला नुसतं ठक् ऐकू येतं, वरचं काहीच नाही. नट किती आवळायचा, ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवत होतो. आवाज जितका मेलेला, तितकी तुला किळस. नुसतं नाक मुरडलंस की समजायचं, अजून थोडं शेपूट शिल्लक आहे. तोंडावर हात धरलास त्या दिवशी म्हटलं, जमलं. तुला सांगितलं असतं, तर तू तोंड सांभाळलं असतंस."

महिनाभर मी त्या स्टुलावर बसून जे काही केलं होतं, ते मला एकेक करून आठवत होतं. माझा वैताग, चहाचा कप, घाण, आणखी घाण. तो सिंबलकडे कधी बघतच नव्हता. काठी खाली यायची तेव्हा त्याचे डोळे माझ्यावर असायचे, आणि हे मी रोज पाहिलं होतं.

सोमवारी मी स्टॅक पिशवीत घालून मास्तरांकडे गेले. सांगितलं की सिंबल मी बदललं, स्टँड मी सरकवला नाही, चूक माझी आहे. खड्ड्यातल्या स्टँडवर त्यांच्यासमोर खडूच्या रेघा जुळवल्या, नट रेघेपर्यंत आवळला आणि काठी मारली. कच्. मास्तरांनी भुवया उंचावल्या. पुन्हा मार म्हणाले. मी मारली. त्यांनी स्वतः तीन-चारदा मारून बघितली, डोळे मिटून, मान डोलावत, जसा एखादा पदार्थ चाखावा. म्हणाले, दार तोंडावर आपटल्यासारखा आवाज आहे, त्या प्रसंगाला याच्याइतकं योग्य काही नाही. हे राहू दे इथेच.

मी विचारलं, "आणि दादा?"

"शनिवारी पाहिलंस ना? ज्याला ऐकू येत नाही त्याला मी खड्ड्यात कसा बसवू? उद्या दुसरं काही होईल. आवाज ठेवतो, तुझ्या भावाला सांग, मी कौतुक केलंय."

त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते लिहिण्याजोगं नाही. मी पिशवी उघडली, स्टॅक उतरवायला लागले. म्हटलं, हा घरचा आहे, घरी जाईल. ते म्हणाले, भावाला विचारून तर बघ. मी तिथूनच वहिनीला फोन लावला, तिने दादाला मोठ्याने विचारलं, आणि उलटा निरोप आला की राहू दे, इतकी मेहनत करून कपाटावर कशाला टाकायचा. पण नट रेघेच्या पुढे कोणी फिरवू नये म्हणून सांग.

पहिल्या प्रयोगाला नवा ड्रमवाला बसला होता. तिशीचा, नम्र माणूस. त्याने मला विचारलं की हे कोणी जुळवलंय, फार विचार करून केलेलं दिसतंय. मी सांगितलं. दादा-वहिनी चौथ्या रांगेत होते. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि ओळखीचा कोणी भेटला की हसून हात मिळवत होता. लोक त्याच्याशी मुद्दाम मोठ्याने बोलत होते, तेही मला सहन होत नव्हतं.

तिसरा अंक आला. मी त्या स्टॅकच्या माइकची पट्टी हातात धरली होती. बाप ओरडला, मुलगी दाराकडे निघाली. सगळं प्रेक्षागृह रंगमंचाकडे बघत होतं. तेवढ्यात चौथ्या रांगेत एक माणूस खुर्चीतच उलटा वळला. दादा. त्याने पाठीमागे, वर, माझ्या काचेकडे मान केली आणि माझ्यावर नजर लावून तो थांबला. मागच्या रांगेतल्या बाईंनी त्याला समोर बघायची खूण केली, त्याने लक्ष दिलं नाही.

कडी निघाली. मी पट्टी वर सरकवली. कच्.

आवाज जागच्या जागी मेला. शांतता अशी झाली की मुलीचा श्वास ऐकू आला. आणि मला तो आवाज पहिल्यासारखाच घाण वाटला. त्यात ती कबुतरं होती, मास्तरांचं ते सफरचंद होतं, माझे धुतलेले हात होते. मी तोंड सांभाळलं नाही. नाक मुरडलं, ओठ वाकडे झाले, हात आपोआप तोंडावर गेला.

दादाने मान डोलावली, आणि समोर वळून बसला.